टेबलावर एका वेळी एकच डबा

सकाळी सहा. रेंजचं शटर वर गेलं की आधी तेल आणि चिंधी. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं, त्यामुळे भाईंदरात लोखंड रातोरात तांबूस होतं. पावसाळ्यात रायफलच्या नळ्या रोज पुसाव्याच लागतात. आमची रेंज दहा मीटरची, एअर रायफल आणि एअर पिस्तूल एवढीच. छिद्र ०.१७७ इंच आणि जोर २० ज्यूलच्या आत, म्हणून परवाना लागत नाही. परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं आहे असं नाही, हे पालकांना पटवण्यातच माझा निम्मा घसा जातो.

साडेसहा ते साडेआठ मुलांची बॅच. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं, तेव्हापासून दारात बापलेकांची रांग आहे. पहिले काही दिवस मी कुणाला छर्रा देतच नाही. नळी लक्ष्याकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, ‘स्टॉप’ म्हटलं की सगळं खाली. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

नऊला घरी पोहे, अंघोळ, परत.

अकराचा वर्ग मोठ्यांचा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना मागणाऱ्याला सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्या कागदाला एस-१ म्हणतात. त्याची तयारी करायला लोक माझ्याकडे येतात. मीरा-भाईंदर, वसई-विरारचं पोलीस आयुक्तालय २०२० मध्ये झालं, त्यामुळे आता ठाण्याच्या फेऱ्या वाचल्या. वर्गात जवाहिरे असतात, बिल्डर असतात, एखादा निवृत्त फौजी असतो. आणि हल्ली प्रत्येक बॅचमध्ये एक तरी असा असतो, ज्याने अमेरिकेतले व्हिडिओ रात्रभर पाहिलेले असतात. गॅरेजमध्ये टेबल, टेबलावर हँडलचं यंत्र, खटॅक खटॅक करत काडतुसं तयार.

“सर, आपण घरी भरली तर स्वस्त पडतील ना?” आज हा प्रश्न काशिमिऱ्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने विचारला.

याचं कायद्याचं उत्तर छोटं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात, आणि बनवायला वेगळा परवाना लागतो. पण ‘कायदा नाही म्हणतो’ एवढ्यावर माणूस गप्प बसतो, समजत नाही. म्हणून मी दारू नसलेलं नमुन्याचं काडतूस हातोहात फिरवतो. बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात: खडकीचा, १८६९ सालचा कारखाना. भाग चारच. पितळेची पुंगळी, बुडाला प्राइमर, आत दारू, तोंडाशी गोळी.

मग दोन चुका सांगतो. पहिली, दारू भरायची राहून गेली. नुसत्या प्राइमरच्या जोराने गोळी पुंगळीतून निघते आणि नळीत मध्येच अडकते. आवाज नेहमीपेक्षा बारीक येतो, धक्का जवळजवळ नसतोच. माणसाला वाटतं, फुसकं निघालं, आणि तो लगेच दुसरी झाडतो. नळी फुगते, नाहीतर फाटते, आणि तिच्याखाली डावा हात असतो. म्हणून आवाज वेगळा आला की थांबायचं, हत्यार रिकामं करायचं, नळी आरपार दिसते का बघायचं. गोळी उडालीच नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण कधीकधी प्राइमर उशिरा पेट घेतो.

दुसरी चूक उलटी आणि जास्त वाईट: दोनदा भरली. रायफलच्या दारूने पुंगळी जवळजवळ भरते, दुसऱ्यांदा ओतली तर बाहेर सांडते, डोळ्यांना दिसते. पिस्तुलाची दारू झपाट्याने जळणारी, लागते चिमूटभर. पुंगळीत ती तळाशी पडून असते आणि तिच्यावर दुसरी चिमूट बेमालूम मावते. मोजमाप ग्रेनमध्ये, एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. नेहमीच्या ९ मिलिमीटरच्या काडतुसाला दाबाची मर्यादा चौरस इंचाला ३५ हजार पौंड, म्हणजे मोटारीच्या टायरच्या हजारपट. त्यावर दुप्पट दारू!

“पण लक्ष देऊन केलं तर?” ट्रान्सपोर्टवाले.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून सासरे बोलले. ते खडकीतून निवृत्त झालेत. हुद्दा होता ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’, पत्रिकेतसुद्धा तसाच छापायचे. आता आमच्याकडे शांतीनगरला असतात आणि करमेनासं झालं की वर्गात येऊन बसतात.

“लक्ष म्हणजे काय हो? माझं लग्न ठरलं त्या आठवड्यात माझं लक्ष होतं का?”

वर्ग हसला. मग त्यांनीच सांगितलं: गेटवर काडेपेटी, बिडी, सगळं जमा. अंगात सुती कपडे, नायलॉन चालत नाही, कारण त्याने वीज साठते. आत जाताना बूट बदलायचे, धातूच्या पट्टीला हात लावायचा. दारावर पाटी: आत माणसं किती, माल किती, त्यापलीकडे एक नाही. इमारतीभोवती मातीचे बांध, म्हणजे एक गेली तरी शेजारची राहावी. आभाळ गडगडलं की काम बंद, बाहेर. “आणि एवढं करून वजनाला तपासणारा माणूस वेगळा. आमच्या लक्षावर सरकारचा विश्वास नव्हता, म्हणून आम्ही जिवंत आहोत.”

मला हेच म्हणायचं असतं, फक्त माझं ऐकायला वेळ लागतो. दारू उघड्यावर पेटली तर भसकन जळते. पुंगळीत कोंडली की दाब होतो. धोका हिशेबाचा आहे, आणि हिशेब फोन वाजल्यावर चुकतो. परदेशात ज्यांना घरी भरायची मुभा आहे, त्यांच्यातले जुने जाणतेही हेच नियम पाळतात: टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा, कारण दोन दारवांचे दाणे दिसायला सारखे आणि जळायला वेगळे. डब्याबाहेर उरलेली दारू त्याच डब्यात परत. पुस्तकातल्या कमाल मापाच्या बरंच खालून सुरुवात. सगळ्या पुंगळ्या ओळीने लावून, झाकण्याआधी दिव्याखाली प्रत्येकीत डोकावणं. डोळ्यांवर चष्मा. शिशामुळे तिथे खाणंपिणं नाही, नंतर हात धुणं. गप्पा तर नाहीतच.

खेळासाठी म्हणाल तर प्रश्नच मिटतो. कुसाळेच्या ५० मीटर प्रकारात चालते ती पॉइंट टू-टू. तिची पेटवणारी भुकटी पुंगळीच्या कडेतच बसवलेली असते, त्यामुळे ती घरच्या यंत्रावर पुन्हा भरताच येत नाही.

दीड वाजता जेवण. सासऱ्यांना बोंबील मिळाले, त्यामुळे प्रवचन बंद.

चार वाजता कागद. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम मी छापून भिंतीवर लावलंय: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एकाने त्याचा फोटो काढून साडूला पाठवला.

सहा ते आठ नोकरदारांची बॅच. विरार लोकलमधून उतरलेल्या माणसाचे खांदे कानाला चिकटलेले असतात. आधी दहा मिनिटं नुसतं बसवतो.

सव्वाआठला मोजदाद. रायफली, पिस्तुलं, सिलिंडर, वही, सही, कुलूप. बाहेर पडताना ट्रान्सपोर्टवाल्यांचा फोन आला. यंत्राचा नाद सोडला म्हणाले, पण पुतण्याला एअर पिस्तूल शिकवाल का? वय विचारलं तर सात. म्हटलं, अजून थोडा वाढू दे, तोवर तुम्हीच या, सकाळच्या बॅचला एक जागा आहे.