नळ सरकारचा झाला, तरी वही आपलीच हवी

नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, पहिल्या गढूळ पाण्याच्या किती बादल्या सोडून द्याव्या लागतात, हे कुठल्याही घरात विचारून बघा. उत्तर बाईच देईल. पण तेच पाणी कोण पाठवतं, पंपाचं वीजबिल कोण भरतं आणि ते थकलं तर पुढे काय होतं, असं विचारलं की बहुतेक जणी म्हणतात, ‘ते पंचायतवाल्यांना माहीत.’ आणि उन्हाळ्यात नळ कोरडा पडला, की त्याच जणी ठामपणे सांगतात, ‘यांच्याकडून काही होत नाही. सरकारनंच ही योजना ताब्यात घ्यावी!’

ही मागणी चूक आहे, असं मी म्हणणार नाही. पण सरकारनं ताब्यात घेतलं म्हणजे नेमकं काय बदलतं, हे आपण बायकांनी एकदा नीट समजून घ्यायला हवं.

आमच्या वर्धेचंच उदाहरण घ्या. शहराला पाणी येतं ते धाम नदीचं. वर महाकाळीचं धरण, खाली येळाकेळी आणि पवनार. शहरात नळ नगरपरिषदेचा. पण शहराची हद्द ओलांडली की पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे) अशी गावं लागतात. कागदावर ही खेडी, ग्रामपंचायतीची. प्रत्यक्षात तिथं कॉलन्या आणि फ्लॅट उभे आहेत. पिपरी आणि आजूबाजूच्या गावांची योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण चालवतं, म्हणजे राज्य सरकारचं महामंडळ. त्यामुळे दोन मैत्रिणी हाकेच्या अंतरावर राहतात, पण एकीचं बिल नगरपरिषदेचं, दुसरीचं प्राधिकरणाचं. तक्रारीची दारंही दोन.

हे असं का झालं, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९७६ च्या कायद्यानं राज्यात पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ स्थापन झालं. १९९७ मध्ये त्याचंच नाव जीवन प्राधिकरण झालं. मंडळानं योजना बांधायची आणि गावाच्या किंवा शहराच्या हाती सोपवायची, असा सर्वसाधारण रिवाज. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनं पिण्याचं पाणी हा पंचायतीचा आणि नगरपालिकेचा विषय ठरला. मग जुलै २००० मध्ये राज्य सरकारनं नवं धोरण आणलं. गावानं मागणी करायची, भांडवली खर्चातला १० टक्के वाटा उचलायचा आणि योजना चालवण्याचा खर्च सगळा गावानंच करायचा. २००३ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं आलेला ‘जलस्वराज्य’ प्रकल्पही याच विचाराचा होता. गावाचं पाणी गावाच्या हाती! कल्पना चांगलीच होती. पाणी समितीत निम्म्या जागा बायकांना मिळाल्या, त्या याच काळात.

मग योजना बंद का पडतात? लोक म्हणतात भ्रष्टाचार. तो असेलही. पण खरं दुखणं त्याहून साधं आहे, आणि घर चालवणाऱ्या बाईला ते पटकन कळेल. पंपाचं वीजबिल येतं दर महिन्याला. पाणीपट्टी गोळा होते वर्षाकाठी, मार्चमध्ये, आणि तीही अर्धीमुर्धी. ज्या घरात खर्च रोजचा आणि कमाई वर्षातून एकदा, तिथं उधारी होणारच. बिल थकतं, वीज तुटते, पंप थांबतो. नळ आला नाही म्हणून लोक पट्टी देत नाहीत, आणि पट्टी नाही म्हणून बिल पुन्हा थकतं. त्यात टिल्लू पंप! टाकीजवळची घरं पाणी ओढून घेतात, शेवटच्या ओळीतल्या घरांपर्यंत थेंब पोचत नाही. प्रादेशिक योजनेत तर आणखी पंचाईत. एका पाइपवर दहा गावं असतील आणि त्यातल्या चार गावांनी पैसे थकवले, तर उरलेली सहाही तहानलेली राहतात.

माझ्या ओळखीची एक बाई अशाच शेवटच्या ओळीत राहते. निंदणाला जाते. सकाळी नळाची वाट बघत थांबली की त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि कामावर गेली की घरी गुंडभर पाणी नसतं. ती म्हणते, ‘पट्टी भराले ना नाही म्हणत नाही बाई मी, पण पाणी तं येऊ द्या आधी!’ तिचा हिशेब कुठल्याही इंजिनीअरच्या हिशेबाइतकाच पक्का आहे. पाणी नसण्याची किंमत ती रोज मोजते आहे, फक्त तिची पावती कुणी फाडत नाही.

अशा वेळी सरकारी यंत्रणा आली की काही गोष्टी नक्की सुधारतात. इंजिनीअर असतात, पाणी तपासायची सोय असते, मीटर बसतात आणि बिल नियमित येतं. मोटर जळली तर वर्गणी काढत बसावं लागत नाही. मेघे गावांसारख्या झपाट्यानं वाढणाऱ्या वस्तीला एकट्या ग्रामपंचायतीनं पाणी पुरवणं कठीणच.

पण सरकार आलं म्हणून नदीत पाणी येत नाही. शेजारच्या यवतमाळ शहराची योजना प्राधिकरणाकडेच आहे. २०१८ मध्ये निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, तेव्हा यवतमाळकर बायकांनी कशा रात्री काढल्या ते विदर्भानं पाहिलं. बेंबळा धरणातून आणायच्या पाण्याची जलवाहिनी वेळेत आली नाही, आणि चाचणीत पाइप फुटल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे मालक मोठा असला तरी धरण, पाइप आणि देखभाल यांची गणितं तीच राहतात. वीजबिलही तेच राहतं. फरक इतकाच की सरपंचाच्या दारात जाऊन हंडा आपटता येतो. महामंडळाचा दर ठरतो तिथं आपला हंडा पोचत नाही. मीटरचं बिल थकलं तर नळही तुटतो, आणि मजुरीवर जगणाऱ्या घराचा तो पहिल्यांदा तुटतो.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची गोष्ट यासाठीच आठवते. शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं म्हणून २०११ मध्ये मिशिगन राज्य सरकारनं तिथला कारभार आपण नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती दिला. पैसे वाचवायला एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी सुरू झालं. पाइप गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केलीच नाही, आणि जुन्या पाइपांतलं शिसं नळात उतरलं. अधिकारी सांगत राहिले, पाणी ठीक आहे. ते ठीक नाही हे लावून धरलं ते घराघरातल्या आयांनी. लीॲन वॉल्टर्स ही त्यातलीच एक. तिनं पाण्याचे नमुने गोळा केले, शास्त्रज्ञांना गाठलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहराला पुन्हा डेट्रॉइटचं पाणी मिळालं. सरकारनं ताबा घेतला होता, पण विचारणारं कुणी उरलं नसतं तर?

म्हणून मला वाटतं, मोठ्या संयुक्त योजनेत धरणातून पाणी उचलणं, शुद्ध करणं आणि गावाच्या टाकीपर्यंत आणणं ही कामं सरकारनं खुशाल करावीत. ते एकट्या गावाच्या आवाक्यातलं नाही. पण टाकीपासून नळापर्यंतचा हिशेब गावातच राहायला हवा, आणि ती वही बायकांच्या हाती असायला हवी.

यासाठी नवा कायदा नको. पाणी समितीत निम्म्या जागा आपल्या आहेत. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दर माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं उद्दिष्ट आहे, आणि गावातल्या पाच बायकांना पाणी तपासणीचं किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. पण पुष्कळ गावांत काय होतं? सभेचं रजिस्टर घरी येतं, चुलीजवळ बसल्या बसल्या सही होते आणि सभा झाली असं लिहिलं जातं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या महिला सभेला जाऊन एवढे पाच प्रश्न विचारा. गेल्या महिन्याचं पंपाचं वीजबिल किती आणि ते भरलं का? पाणीपट्टी किती घरांची आली, आणि ती वर्षाऐवजी दरमहा घेता येईल का? शेवटच्या ओळीतल्या घराला पाणी किती मिनिटं मिळतं? टाकीत टीसीएल पावडर कोण आणि कधी टाकतं? गावाच्या स्रोताला आरोग्य खात्यानं हिरवं, पिवळं की लाल कार्ड दिलं आहे? उत्तरं एका साध्या वहीत, तारखेसह लिहून ठेवा.

योजना उद्या पंचायतीकडे राहो, जिल्हा परिषदेकडे जावो की प्राधिकरणाकडे. त्या वहीत बारा महिन्यांच्या नोंदी असतील, तर कुठल्याही कार्यालयात तुम्हाला ‘बाई, उद्या या’ असं म्हणणं अवघड जाईल. दूधवाल्याचा, किराण्याचा हिशेब आपण वर्षानुवर्षं ठेवतोच. त्यात आता पाण्याचं एक पान वाढवायचं आहे.