मोगली टिकला, ही-मॅन का नाही?

२४ जानेवारी २०२५ला तीस वर्षांहून जुना एक कार्टूनपट देशभरातल्या चित्रपटगृहांत लागला. ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा’. जपानचे युगो साको आणि आपल्याकडच्या अ‍ॅनिमेशनचे पितामह मानले जाणारे राम मोहन यांनी मिळून केलेला, सुमारे ४५० कलाकारांनी हातानं चितारलेला हा चित्रपट १९९३च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला होता. पण आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला तो नंतर, टीव्हीवर. तेव्हा जमिनीवर मांडी घालून तो पाहणारी पोरं या वेळी आपापल्या पोरांचं बोट धरून तिकीट काढून गेली.

पडद्यावरचा रावण अजूनही भारदस्त वाटतो, लंकेची आग अजूनही भाजते. पण प्रत्येक वेळी असं होत नाही. लहानपणी जीव टाकून पाहिलेली कार्टून आज यूट्यूबवर शोधून लावावीत, तर काही पाच मिनिटांत बंद करावीशी वाटतात आणि काही संपेपर्यंत हलू देत नाहीत. असं का होतं, याला ‘आठवणी’ हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं ती कार्टून कुणासाठी, कशासाठी आणि किती पैशांत बनली, यात आहे.

मुंग्यांनी झाकलेलं

आमचं छत्रपती संभाजीनगरचं गारखेडा नव्वदच्या दशकात भराभर वाढत होतं. चिकलठाणा, वाळूजच्या कारखान्यांत नोकरी करणारी कुटुंबं प्लॉट घेऊन इथे घरं बांधत होती. घरातला टीव्ही पुष्कळदा व्हिडिओकॉनचा, म्हणजे पैठण रस्त्यावरच्या चितेगावच्या कारखान्याशी नातं सांगणारा. गच्चीवरच्या अँटेनाचं तोंड म्हैसमाळच्या टीव्ही मनोऱ्याकडे. रविवारी सकाळी एक जण वर, एक जण खिडकीत, एक जण टीव्हीसमोर. “आलं का?” “नाही, मुंग्याच आहेत!” “आता?” “थांब, थांब, तिथेच धर!” एवढी कवायत झाल्यावर जो मोगली दिसायचा, तो थोडा धुरकट असायचाच.

त्या धुरकटपणानं चित्रकारांचे बरेच दोष पोटात घातले. चितेगावचा तो व्हिडिओकॉन २०१८मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, त्याच्या जागी भिंतभर पडदा आला आणि त्या पडद्यावर आता रेषन् रेष दिसते. कुठे मेहनत घेतली आहे आणि कुठे हात आखडला आहे, तेही दिसतं.

तीच खिडकी, तेच टेबल

मध्यंतरी भाचीला ‘फ्लिंटस्टोन्स’चा एक भाग लावून दिला. फ्रेड घरातल्या घरात पळत होता. ती म्हणाली, “मामा, यांच्या घरात किती खिडक्या आहेत?” खिडकी एकच होती. खिडकी, टेबल, दिवा असं एकच चित्र त्याच्या मागून पुन्हा पुन्हा सरकवलं होतं. मला लहानपणी हे कधी दिसलं नव्हतं.

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. हालचाल खरी वाटायची, तर प्रत्येक सेकंदासाठी बारा ते चोवीस चित्रं काढावी लागतात. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात एमजीएमसाठी ‘टॉम अँड जेरी’चे ११४ लघुपट केले, ते या पद्धतीनं. ते टीव्हीसाठी नव्हतेच. चित्रपटगृहात मुख्य सिनेमाआधी, मोठ्या माणसांसमोर दाखवायचे होते. त्यांना सात ऑस्कर मिळाली. १९५७मध्ये एमजीएमनं कार्टून विभागाला टाळं लावलं आणि हे दोघं टीव्हीकडे वळले. तिथे पैसा कित्येक पट कमी आणि भाग दर आठवड्याला हवा. मग त्यांनी युक्त्या काढल्या. पात्राचं धड स्थिर ठेवायचं, फक्त डोकं हलवायचं. मानेवरचा सांधा दिसू नये म्हणून गळ्यात कॉलर किंवा टाय घालायचा. योगी नावाचं अस्वल उघड्या अंगानं, पण कॉलर-टाय लावून का हिंडतं, त्याचं हे साधं कारण. ‘फ्लिंटस्टोन्स’ आला १९६०मध्ये, ‘स्कूबी डू’ १९६९मध्ये. माणसं तीच, हात तेच. फक्त चित्रांची संख्या घटली.

१ मे १९९५ला कार्टून नेटवर्क भारतात सुरू झालं, तेव्हा ही दोन्ही प्रकारची कार्टून आमच्यापर्यंत एकाच केबलमधून, एकापाठोपाठ एक आली. त्यांच्यातला फरक सांगणारं कुणी नव्हतं, आणि तेव्हा त्याची गरजही नव्हती. आता ‘कॅट काँचर्टो’ हा १९४७चा लघुपट लावून पाहा. टॉम कोट घालून पियानोवर बसला आहे, लिस्टची हंगेरियन ऱ्हाप्सडी वाजवतो आहे, आणि आत झोपलेल्या जेरीची झोपमोड झाली आहे. दोघांच्या तोंडी शब्द नाही. टॉमची बोटं सुरांबरोबर पट्ट्यांवर बरोबर पडतात. जेरीनं आतून हातोडी उचलली की सूर चुकतो, आणि त्या चुकीवर टॉमचा चेहरा मैफलीतल्या गवयासारखा किंचित आक्रसतो. तो आक्रसलेला चेहरा लहानपणी दिसत नाही, कारण तेव्हा नजर जेरीवर असते. स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत या लघुपटांत पार्श्वभूमीला नसतं, पावलापावलाला असतं. हे आजही शंभर टक्के उभं राहतं.

आधी खेळणं, मग गोष्ट

ही-मॅनचं दुखणं वेगळं आहे. मॅटेल कंपनीनं १९८२मध्ये बाहुले बाजारात आणले आणि १९८३मध्ये ते विकले जावेत म्हणून मालिका आली. अमेरिकेत १९८४मध्ये मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींच्या वेळेवरची बंधनं उठली, तेव्हा असल्या मालिकांचं पीकच आलं. ही-मॅनचे १३० भाग झाले. तलवार वर करणं, धावणं, उडी मारणं, शत्रूला उचलून फेकणं अशी चित्रं एकदाच काढून कपाटात ठेवलेली. गरज पडेल तेव्हा बाहेर काढायची. आज सलग दोन भाग पाहिले की तीच धाव, तीच उडी ओळखीची होते. एक गोष्ट मात्र फिल्मेशन या निर्मात्यांच्या पदरात टाकली पाहिजे: बाकीचे स्टुडिओ काम स्वस्तात बाहेरच्या देशांत पाठवत असताना त्यांनी जुनी चित्रं पुन्हा वापरून ते काम आपल्याच कलाकारांकडे राखलं.

खरा अडथळा येतो शेवटच्या मिनिटाला. गोष्ट संपते, आणि एखादं पात्र कॅमेऱ्याकडे बघून आज आपण काय शिकलो ते सांगतं. खोटं बोलू नये, मोठ्यांचं ऐकावं, वगैरे. खेळणी विकणाऱ्या मालिकेवर पालकांची ओरड होऊ नये म्हणून लावलेलं ते ठिगळ होतं. लहानपणी आम्ही तेवढ्यात पाणी पिऊन यायचो. आता कळतं की आमचं बरोबर होतं.

याउलट ‘एक अनेक और एकता’ आठवा. फिल्म्स डिव्हिजनचा १९७४चा हा लघुपट विजया मुळे यांनी केला. मुंबईत जन्मलेल्या या मराठी बाईंनी आयुष्यभर शैक्षणिक चित्रपटांचा ध्यास घेतला. चित्रं भीमसेन यांची, आवाज तेव्हा लहान असलेल्या साधना सरगमचा. अवघी सात मिनिटं. हाही उपदेशच आहे, किंबहुना त्याच्या नावातच उपदेश आहे. पण इथे उपदेश गोष्टीच्या मागून येत नाही, गोष्टीच्या पोटात असतो. धाकटा विचारतो, थोरली सांगते, आणि जाळ्यात अडकलेल्या चिमण्या जाळ्यासकट उडतात. चित्रं साधी, हालचाल मोजकी. पैसा इथेही कमीच होता. तरी तो टिकला. तेव्हा नुसत्या कमी पैशानं कार्टून जुनं होत नाही. पोरांना काय कळतंय असं धरून चाललं की होतं.

मोगली जपानी, आवाज आपला

मोगलीनं याच कसोटीवर बाजी मारली. आम्ही तो अस्सल भारतीय समजत होतो. मालिका होती जपानची, निप्पॉन अ‍ॅनिमेशनची. १९८९मध्ये तिकडे सुरू झालेली, एकूण ५२ भाग. टीव्हीसाठीच बनलेली, म्हणजे हात इथेही जपूनच चालवलेला. पण कळपातली भांडणं, कुणाच्या तरी जाण्याचं दुःख, माणसांत जावं की जंगलात राहावं हा मोगलीचा पेच, यातलं काही मुलांना झेपणार नाही म्हणून गाळलेलं नाही. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तडफडणारं ते पोर तडफडतंच.

आणि वर चढला तो आपला थर. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, शेरखानला आवाज मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. त्या आवाजातली खरखर अशी, की शेरखान चिडलाय की थट्टा करतोय हे दोन क्षण कळू नये. २०१६मध्ये डिस्नेचा नवा ‘जंगल बुक’ आला, तेव्हा हिंदीत पुन्हा नानाच शेरखान झाले आणि जुनं गाणंही नव्यानं केलं गेलं. ही मालिका जपानी आवाजात लावून पाहिली तर चित्रं तीच असूनही परकी वाटते. तेव्हा मोगली ‘टिकला’ म्हणतो, त्यात अर्धा वाटा मुंबईतल्या ध्वनिमुद्रणाचा आहे, हे कबूल करायला हवं.

दुसरा वाटा रविवारचा. ठरलेल्या वेळी, सगळ्या गल्लीनं एकाच वेळी पाहिलेल्या गोष्टीला एक वजन येतं. हंगेरीत याचं टोकाचं उदाहरण आहे. १२ डिसेंबर १९९३ला तिथे ‘डकटेल्स’ चालू असताना प्रक्षेपण थांबवून पंतप्रधान योझेफ अंताल यांच्या निधनाची बातमी दिली गेली. ते अर्धवट राहिलेलं कार्टून तिथल्या मुलांच्या इतकं लक्षात राहिलं, की त्या पिढीला आजही ‘डकटेल्स पिढी’ म्हणतात. आपल्याकडेही हेच बदक रविवारी यायचं. पुन्हा पाहताना ते पुष्कळ टिकतं, कारण १९८७च्या या मालिकेमागे कार्ल बार्क्स यांची चित्रकथा उभी आहे. स्क्रूज हे पात्र त्यांनी १९४७मध्ये काढलं. पैशाच्या तिजोरीत पोहणारा कंजूष म्हातारा मुलांना गंमत वाटतो. मोठेपणी त्याच्या एकटेपणावरही नजर जाते.

पक्ष बदललेले आपण

कार्टून टिकलं तरी आपण तेच राहत नाही. लहानपणी जेरीच्या बाजूनं असणारा माणूस चाळिशीत टॉमच्या बाजूला सरकतो. बिचारा घरात नोकरीला आहे, उंदीर पकडला नाही तर बाहेर हाकलला जाणार आहे. आणि काही गोष्टी तर आता खुपतातच. ज्या बाईचे फक्त पाय आणि आवाज असायचा, ती कृष्णवर्णीय मोलकरीण कुठल्या साच्यातून आली, हे आता कळतं. हल्ली निर्मातेच त्या जुन्या चित्रणाबद्दल सुरुवातीला सूचना लावतात. मला हे बरं वाटतं. पुसून टाकण्यापेक्षा दाखवावं आणि सांगावं.

सगळ्यात मोठा पक्षबदल शिनचॅनच्या बाबतीत होतो. योशितो उसुई यांनी १९९०मध्ये तो काढला तो मोठ्यांच्या मासिकासाठी. आपल्याकडे २००६ च्या सुमारास तो पोरांच्या वाहिनीवर आला, घरोघरी पोरं उलट बोलायला लागली, २००८मध्ये सरकारच्या आक्षेपानंतर तो बंद झाला आणि काटछाट होऊन परत आला. तेव्हा तो पाहणारी आमची धाकटी भावंडं आता पगारदार झाली आहेत. पुन्हा पाहताना त्यांना शिनचॅन दिसतच नाही, दिसतो त्याचा बाप हिरोशी: ऑफिसातून दमून येणारा, पायमोज्यांच्या वासावरून बोलणी खाणारा, आणि घराच्या कर्जाची ३२ वर्षं शिल्लक असलेला. गारखेड्यात हल्ली फ्लॅट घेतलेल्या कुणालाही हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

पोरांची कसोटी वेगळी

आता एक बाजू पोरांचीही. ही-मॅनची तीच ती तलवार मला कंटाळा आणते, भाचीला नाही. ती वाट बघते. हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा छोटा भीम २००८पासून तेच करतो आहे. तलवारीच्या जागी लाडू. पॉपायच्या वेळी पालकाची भाजी होती. लाडू खाल्ला की ताकद येणार हे माहीत असतं, म्हणूनच मजा येते. लहान मुलाला पुढचं ओळखता आल्याचा आनंद मोठा असतो. म्हणजे निर्मात्याचा पैसा वाचवणारी युक्ती आणि मुलाचा आनंद इथे एकत्र नांदतात. तेव्हा मोठ्यांना न टिकणारं कार्टून वाईटच, असा निकाल देऊ नये. ते त्या वयाचं आहे, एवढंच. पण जे त्या वयाचंही आहे आणि पुढच्याही, ते जवळ ठेवावं.

तेव्हा या रविवारसाठी आमचा निवाडा असा. टॉम अँड जेरी : निःशंक, पण हॅना-बार्बेराचे जुनेच. मोगली : हिंदीतच. डकटेल्स : पोरांबरोबर बसून. एक अनेक : सात मिनिटं कुणाकडेही असतात. ही-मॅन : एक भाग, तलवार वर करेपर्यंत. आणि शिनचॅन : घराचे हप्ते चालू असतील तर आजच, नसतील तर सुरू झाल्यावर.