नंबर माझा, आवाज कुणाचा?

१९९१ साली माझी सांगलीला बदली झाली आणि आमच्या घरात पहिल्यांदा टेलिफोन आला. काळा, जड, घरातल्या कर्त्या माणसासारखा कोपऱ्यात ठाण मांडून बसलेला. त्याचा नंबर आणि मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचा नंबर यांत एकाच आकड्याचा फरक. त्यामुळे सकाळी सातपासून विचारणा सुरू, 'शेठ, काल राजापुरी काय भावानं गेली?' सौ. पहिले काही दिवस 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवायची. पुढे तिनं पेपरातला बाजारभाव कापून फोनशेजारी ठेवायला सुरुवात केली. माझ्या पगारापेक्षा हळदीच्या भावाची चर्चा आमच्या घरात अधिक होत असे!

ती चूक बोटाची होती. चुकणारा ओशाळायचा, 'माफ करा हं' म्हणायचा.

२०२३ च्या श्रावणात जे घडलं ते मात्र वेगळं होतं. मी निवृत्त होऊन पुण्यात स्थिरावलो होतो. सकाळी साडेनऊला एक फोन आला, 'आत्ता या नंबरवरून मला फोन आला होता. कोण तुम्ही?' मी म्हटलं, मी कुणालाच फोन केलेला नाही. पाच मिनिटांनी दुसरा. तिसऱ्यानं हिंदीत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मोबाइल तपासला, तर माझ्याकडून एकही फोन गेलेला नव्हता. कर्जवसुली केलेल्या माणसाला शिव्या नव्या नसतात. पण 'चोर' हा शब्द मला उभ्या नोकरीत कुणी ऐकवला नव्हता. अकरा वाजता मी फोनचा आवाज बंद केला, तो कपाटात टाकला आणि लिहायला बसलो. खरं सांगायचं तर कादंबरीचं प्रकरण त्या दिवशी फार छान चाललं होतं.

साडेचारला कपाट उघडलं. न घेतलेले एकतीस फोन. त्यांतले पाच एकाच नंबरचे. हातात धरला असतानाच तो सहाव्यांदा वाजला.

'साहेब, सकाळपासून लावतेय. कामात होतात का?'

आवाज वयस्कर, अदबशीर. बार्शीच्या निवृत्त शिक्षिका. सकाळी 'बँकेतून' त्यांना फोन आला होता : केवायसीची मुदत संपली आहे, पेन्शन थांबेल, मोबाइलवर आलेला आकडा सांगा. त्यांनी सांगितला. थोड्या वेळानं ४८,००० रुपये गेल्याचा संदेश आला. काहीतरी चुकलं असेल, साहेबच दुरुस्त करतील, म्हणून त्यांनी तोच नंबर उलट लावला. म्हणजे माझा. घंटा वाजतेय पण कुणी उचलत नाही, तेव्हा साहेब कामात असतील असं समजून बाई दिवसभर थांबत थांबत फोन करत राहिल्या.

मी बँकेतलाच माणूस. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आणि तिथून एटीएमच्या तोंडातून बाहेर कसे पडतात, ते मला सांगावं लागत नाही. १९३० या नंबरवर तक्रार नोंदवली की रक्कम जिथं सापडेल तिथं गोठवता येते. पण ती तिथं असेपर्यंतच. बाईंना मी लगेच तो नंबर लावायला सांगितलं. १७,००० रुपये अडवले गेले, ते काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेले. मी अकरा वाजता फोन उचलला असता तर? हे गणित मी बरेच दिवस मांडत होतो.

हे घडतं कसं, ते भाच्यानं मला समजावलं. तो असल्याच तांत्रिक कामात आहे. फोन लावणाऱ्याच्या बाजूची यंत्रणा पुढच्या यंत्रणेला नंबर कळवते, आणि पुढची तो बहुधा मुकाट मान्य करते. ही पद्धत पडली तेव्हा व्यवहार मोजक्या टेलिफोन खात्यांतला होता, एकमेकांच्या शब्दावर चालणारा. इंटरनेटवरून फोन लावण्याची सोय झाली आणि 'दाखवायचा नंबर' या रकान्यात हवा तो आकडा भरण्याची वाट लबाडांना सापडली. मला आपलं अंतर्देशीय पत्र आठवलं. मागं पाठवणाऱ्याचा पत्ता कुणाचाही लिहा, पोस्टमन तपासत नाही. उत्तर मात्र त्या पत्त्याच्या खऱ्या मालकाच्या दारात जाऊन पडतं. त्या दिवशी माझ्या दारात पडत होती ती असली उत्तरं.

फोन कंपनीकडे गाऱ्हाणं नेलं. तिथला तरुण म्हणाला, 'काका, नंबर बदलून टाका.' बँकेत कुणी खोटी सही केली, तर आम्ही खातेदाराला नाव बदलायला सांगत नव्हतो! वीस वर्षांचा माझा नंबर मी बदलला नाही.

परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे बनावट फोन अडवणारी यंत्रणा केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. पहिल्या चोवीस तासांत असे १ कोटी ३५ लाख फोन सापडल्याचं सरकारनंच जाहीर केलं. आकडा वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. बँकांच्या फोनसाठी आता १६०० नं सुरू होणारे वेगळे नंबर आहेत, आणि संशयास्पद फोन 'संचार साथी'वरच्या 'चक्षु'कडे कळवता येतो. चांगलं आहे. पण आकडा विचारणारा गोड आवाज आला की मी अजूनही फोन ठेवतो आणि पासबुकावरचा शाखेचा नंबर स्वतः लावतो.

अनोळखी फोन मात्र आता कपाटात टाकत नाही. उचलतो, शिव्या ऐकतो, आणि 'तुमचे पैसे तर गेले नाहीत ना?' एवढं विचारतो.

पैसे परत मिळाले का, हे विचारायला मी एकदा बार्शीला फोन केला.

'बाई, मी पुण्याहून बोलतोय. ते बँकवाले.'

'तुम्हीच कशावरून?'

'अहो, नंबर दिसतोय ना माझा?' मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

'नंबर त्या दिवशीही दिसत होता,' बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मला राग यायला सवड मिळाली नाही. लगेच माझा फोन वाजला.

'हं,' पलीकडून बाई म्हणाल्या, 'आता बोला.'