औषध, झोंप आणि मन

शाळेंत असतांना मी मुलांना सांगत असें कीं, ज्याला प्रश्न नीट मांडतां आला, त्याला उत्तराची निम्मी वाट सांपडली. आजचा प्रश्न असा आहे : एच.आय.व्ही.वरील औषधानें कोणाची झोंप उडाली, कोणाला भयंकर स्वप्नें पडूं लागलीं, कोणाचें मन उगाच उदास झालें, तर त्यानें काय करावें? औषध टाकून द्यावें, कीं निमूटपणें सोसावें? माझें उत्तर असें कीं, या दोहोंपैकीं कांहींच करूं नये.

माझा एक जुना विद्यार्थी २०१५ सालीं एका संध्याकाळीं मजकडे आला. त्याचें नांव सांगत नाहीं. हकीकत मात्र त्याच्या संमतीनें सांगतों. औषध सुरू होऊन दहाच दिवस झाले होते. तो म्हणाला, "सर, रोज रात्रीं मी पाण्यांत बुडतों आहें असें स्वप्न पडतें. दचकून उठतों, तों डोकें गरगरतें. कचेरींत कोणी साधें बोललें तरी रडूं येतें. कालपासून गोळी बंद केली आहे."

मी वैद्यकी जाणणारा नव्हे. मीं इतकेंच विचारलें, "गोळी घेत होतास केव्हां?" तो म्हणाला, "रात्रीचें जेवण झाल्याबरोबर." त्याच्या घरचें जेवण तुपातेलाचें, भरपेट. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे उपचारकेंद्रांत गेलों. तेथील डॉक्टरांनीं जें समजावून दिलें, त्याचा सारांश असा.

त्या गोळींत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि एफाव्हिरेन्झ अशीं तीन औषधें एकत्र होतीं. यांपैकीं एफाव्हिरेन्झ मेंदूपर्यंत पोंचतें. चक्कर, ठळक व विचित्र स्वप्नें, अस्वस्थता, चित्त एकाग्र न होणें हे परिणाम पहिल्या कांहीं दिवसांतच दिसतात, आणि बहुतेकांच्या बाबतींत दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. स्निग्ध जेवणानंतर हें औषध रक्तांत अधिक शोषलें जातें. म्हणून तें रिकाम्या पोटीं, निजण्याच्या वेळीं घ्यावयाचें असतें. म्हणजे चक्करेचा भर झोंपेंतच निघून जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हें औषध यकृतांतील ज्या विकरामुळें पचून जातें, तें विकर कित्येकांत जन्मतःच मंद असतें. मग तीच गोळी, तितकीच मात्रा, पण रक्तांत औषध जास्त सांठतें. तेव्हां शेजाऱ्याला सोसलें तें आपल्याला कां सोसत नाहीं, असें म्हणून स्वतःला दुबळ्या मनाचा ठरवूं नये. तो मनाचा कमकुवतपणा नव्हे, शरीराचा प्रकार आहे.

मग गोळी बंद कां करूं नये? औषध थांबलें कीं दबलेला विषाणु कांहीं आठवड्यांतच पुन्हां वाढूं लागतो. शिवाय लॅमिव्हुडीन लवकर ओसरतें, पण एफाव्हिरेन्झ शरीरांत बरेच दिवस रेंगाळतें. एकट्या औषधाला तोंड देतां देतां विषाणु त्याला दाद न देण्यास शिकतो. म्हणून बदल करावयाचा तो डॉक्टरांच्या हातून, एक गोळी थांबून दुसरी सुरू होईल अशा रीतीनेंच.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं डोल्युटेग्राविर हें औषध प्रथम पसंतीचें ठरविलें. आपल्या देशांत २००४ पासून चालू असलेल्या मोफत उपचारांतहि आतां मुख्यतः तेंच असतें. त्यानें चक्कर व स्वप्नें कमी होतात. पण कांहींना झोंप येत नाहीं, डोकें दुखतें, क्वचित् मन खिन्न होतें. अशांनीं गोळी रात्रींऐवजीं सकाळीं घ्यावी काय, हें डॉक्टरांना विचारावें. पुष्कळांना एवढ्यानेंच उतार पडतो. ही गोळी जेवून वा न जेवतां, केव्हांहि चालते. मात्र आम्लपित्तावरचें औषध घ्यावयाचें असल्यास गोळी त्याच्या दोन तास आधीं किंवा सहा तास नंतर घ्यावी. क्षयाच्या उपचारांत रिफाम्पिसिन असेल तर हें औषध दिवसांतून दोनदां देतात. तेथें संध्याकाळची मात्रा आपल्या मनानें गाळूं नये.

सर्व दोष औषधाचाच असतो असेंहि नव्हे. निदानाचा धक्का, गुप्ततेचें ओझें, लोक काय म्हणतील ही धास्ती, यांनींहि झोंप उडते. दोहोंचा निवाडा करण्यास साधी वही पुरते. दोन आठवडे रोज पांच गोष्टी लिहाव्या : गोळीची वेळ, जेवणाची वेळ, झोंपेचे तास, स्वप्नें आणि दिवसभराचें मन. ही वही डॉक्टरांपुढें ठेवली कीं अर्धें काम होतें. उठण्याची वेळ रोज एकच असावी. दुपारनंतर चहा-कॉफी नको. झोंपेसाठीं मद्य किंवा दुकानांतून परस्पर आणलेली झोंपेची गोळी मुळींच नको. डोकें गरगरत असतां वाहन चालवूं नये. पूर्वीं कधीं मनाचा आजार झाला असेल, तर तें उपचार सुरू होण्यापूर्वींच सांगावें.

परंतु कांहीं लक्षणें थांबून पाहण्याचीं नव्हेत. जगणें नकोसें वाटणें, भलताच संशय येणें, नसलेले आवाज ऐकूं येणें, यांपैकीं कांहींहि झालें तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. मनाच्या आधारासाठीं १४४१६ आणि एच.आय.व्ही.विषयीं विचारण्यासाठीं १०९७ हे मोफत दूरध्वनि आहेत.

घरच्या मंडळींनाहि दोन शब्द. रात्रीं दचकून उठलेल्या माणसाला उपदेश नको, पाण्याचा पेला व सोबत हवी. त्याच्या आजाराची वार्ता त्याच्या संमतीवांचून बाहेर जातां कामा नये. २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आलेला कायदाहि तेंच सांगतो.

माझ्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें? गोळी हलक्या पोटीं, निजतांना घेऊं लागल्यावर तिसऱ्या आठवड्यांत स्वप्नें विरलीं. उदासी मात्र हटेना. त्यानें वही दाखविली. डॉक्टरांनीं एफाव्हिरेन्झच्या जागीं दुसरें औषध दिलें. आज तो आपल्या मुलीचा अभ्यास घेतो. रक्तांत विषाणु सांपडत नाहीं, आणि तो तसा दबलेला राहील तोंवर पत्नीला त्याचा संसर्ग होणार नाहीं, हें तीहि जाणते. परवां मला म्हणाला, "सर, त्या दिवशीं मी गोळी सोडल्याचें तुम्हांला सांगितलें, हेंच बरें केलें."

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणाला असा त्रास होत असेल, तर आजची गोळी चुकवूं नका, आणि त्रास लपवूं नका.