जुन्या भिंगावरील अंक आणि त्यांचे प्रामाण्य

अजिंठ्याच्या लेण्यांचे आरंभीचे छायाचित्रण करणारे मेजर रॉबर्ट गिल १८७९ मध्ये निवर्तले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे. त्यांच्या काळी भिंगावरील टोपी काढून व पुन्हा बसवून प्रकाशनाचा काळ हातानेच मोजीत. पुढे भिंगातच पात्यांची झडप आली आणि हा काळ तिच्यावर कोरलेल्या अंकांकडे सोपविला गेला. लेणी किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील दप्तरांसारखी जुनी कागदपत्रे टिपण्यासाठी वापरलेले मोठे भिंग घेणाऱ्या अभ्यासकाने हे अंक पारखूनच स्वीकारावेत.

अशा कामात छिद्र लहान व प्रकाशन दीर्घ असते. आणि जुन्या झडपेचा दोष मंद गतींतच अधिक आढळतो. त्या गती दंतचक्रांच्या साखळीने नियंत्रित होतात. वंगण सुकले व धूळ साचली की चक्रे रेंगाळतात. एक सेकंदाची झडप नेहमी दोन सेकंद उघडी राहत असेल, तर छिद्राचे क्षेत्रफळ निम्मे केल्याने हिशेब जुळतो. मात्र दर वेळी काळ बदलत असल्यास स्वच्छतेवाचून उपाय नाही. म्हणून एकाच गतीची दहा वेळा ध्वनिमुद्रणावरून मोजणी करावी. तेल मात्र घालू नये. ते पात्यांवर पसरून त्यांना चिकटविते.

छिद्राचा अंक म्हणजे केंद्रांतर भागिले समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. २१० मिलिमीटरच्या भिंगात ५.६ या अंकाला तो ३७.५ मिलिमीटर भरला पाहिजे. काचा दुसऱ्या झडपेत बसविलेल्या असल्यास पट्टीवरील अंक खोटे ठरतात.

मूळ कागद जीर्ण झाल्यावर छायाचित्रच पुरावा उरते; तेव्हा ही पारख संशोधनाचाच भाग होय.