सोल चिकटवा, पण दार उघडे ठेवून

पावसाळा लागला की चप्पल-बूट दुरुस्तीच्या गाळ्यात गर्दी होते. झिजलेले सोल भिजून सुटतात, शाळेचे बूट उघडे पडतात आणि प्रत्येकाला ते उद्याच हवे असतात. नेमके याच दिवसांत पाऊस आत येऊ नये म्हणून दार लोटले जाते, खिडकीला प्लास्टिक बांधले जाते. आत सोल्युशनचा डबा उघडा असतो. आपल्या वस्त्यांत कितीतरी घरांत दिवसा गाळा असलेली खोली हीच रात्रीची झोपायची खोली असते.

बंधू-भगिनींनो, रापीने बोट कापले तर रक्त दिसते, आपण लगेच पट्टी बांधतो. सोल्युशनची वाफ दिसत नाही. वासाची तर सवय होऊन जाते. म्हणून या कामातला सर्वांत मोठा धोका तोच, आणि त्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

वाफेने काय होते?

सोल्युशन पातळ राहावे म्हणून त्यात टोल्युइन, हेक्झेन अशी द्रावणे असतात. स्वस्त, सुट्या मालात बेन्झिनही असू शकते. गोंद वाळतो म्हणजे हेच द्रावण उडून हवेत जाते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. बंद खोलीत ती जमिनीलगत साचते. म्हणजे खाली बसून काम करणाऱ्याच्या नाकाशी आणि चटईवर झोपलेल्या लेकराच्या उशाशी.

थोड्या वेळाने डोके दुखते, गरगरते, मळमळते. हे लगेच कळते. पण वर्षानुवर्षे वाफ ओढली तर नुकसान आत होते. जपानमध्ये १९६०च्या दशकात सँडल बनवणाऱ्या कामगारांचे हातपाय बधिर आणि कमजोर होऊ लागले. कारण निघाले गोंदातले हेक्झेन. यातले बरेच जण घरच्याच कोंदट खोल्यांत काम करत होते. तुर्कस्तानातील इस्तंबूलचे डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ मध्ये बेन्झिनचा गोंद वापरणाऱ्या बूट कारागिरांमधील रक्ताच्या कर्करोगाची नोंद जगापुढे मांडली.

कामाची सुरक्षित रीत

जुना सोल काढताना बूट मांडीवर धरू नका, घट्ट टेकवून ठेवा. रापीची धार नेहमी हातापासून दूर चालवा. बोथट रापीला जास्त जोर लागतो आणि तीच जास्त घसरते, म्हणून धार लावलेली असू द्या.

तळ मशीनवर घासताना चष्मा लावा, नाकाला धुळीचा मास्क बांधा. पदर, ओढणी, सैल बाही मशीनजवळ नको.

सोल्युशन लावण्याचे काम दारात किंवा बाहेर पत्र्याखाली करा. लागेल तेवढेच छोट्या वाटीत घ्या आणि मोठ्या डब्याचे झाकण लगेच लावा. बोटाने नव्हे, ब्रशने लावा. दोन्ही बाजूंना पातळ थर द्या आणि बूट बाहेर वाळू द्या. साधारण १० ते १५ मिनिटांत, दमट हवेत जरा उशिरा, गोंद बोटाला लागेनासा होतो. मग दाबून ठोका. जाड थर देऊन घाईने चिकटवलेला सोल लवकर सुटतो. म्हणजे तब्येतीला जी रीत चांगली, तीच कामालाही चांगली.

छताचा पंखा वाफ खोलीतच फिरवतो. टेबलफॅन बाजूला असा ठेवा की वारा कामावरून जाऊन दाराबाहेर पडेल. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या गाळणीचा मास्क लागतो आणि त्याची गाळणी वेळोवेळी बदलावी लागते.

सोल्युशन पेट घेते. त्याच खोलीत स्टोव्ह, गॅस, देवळी-दिवा, विडी काही नको. स्वयंपाक आणि चिकटवण्याचे काम एकाच वेळी कधीही करू नका.

खिळे तोंडात धरू नका. खिळा लागला तर जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी सरकारी दवाखान्यात जा.

हाताचा गोंद थिनरने किंवा पेट्रोलने पुसू नका, ते कातडीतून अंगात जाते. खोबरेल तेल चोळून मग साबणाने धुवा. त्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

गरोदर बाई आणि लहान मुले चिकटवण्याच्या जागेपासून दूरच असावीत. डबा रात्री खोलीबाहेर, कुलपात ठेवा. सोल्युशन हुंगण्याच्या नशेत वस्तीतली कोवळी पोरे अडकतात, याचीही त्यात काळजी आहे.

दवाखान्यात काय सांगाल?

पायाला मुंग्या येणे, तळवे बधिर होणे, चालताना पाय अडखळणे, हातातली पकड ढिली होणे ही लक्षणे थकवा म्हणून सोडून देऊ नका. अंग पांढरे पडणे, सारखा ताप येणे, हिरड्यांतून रक्त येणे, न लागताच काळेनिळे डाग पडणे ही लक्षणे दिसली तर रक्ताची तपासणी लगेच करून घ्या. हातापायांचा त्रास वेळेवर काम थांबवले तर हळूहळू कमी होऊ शकतो, पण त्याला महिने लागतात. काम थांबवल्यावरही काही आठवडे तो वाढू शकतो, तेव्हा घाबरून उपचार सोडू नका.

इटलीचे डॉक्टर रामाझ्झिनी यांनी १७०० सालीच सांगितले होते की, रोग्याला त्याचे काम काय ते विचारा. आजही दवाखान्याच्या रांगेत हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. म्हणून तुम्हीच सांगा : "मी सोल चिकटवण्याचे काम करतो, दिवसात इतके तास, इतकी वर्षे." शक्य असेल तर डब्यावरचे लेबल सोबत न्या. त्या एका वाक्याने डॉक्टरांचा शोध योग्य दिशेने सुरू होतो.

गाळ्यात दहा किंवा जास्त कामगार असतील तर मालकाला ईएसआयबद्दल विचारा. आणि गाळा आपलाच असेल तर आज एवढे करा : डब्याला झाकण, दार उघडे, आणि लेकरांचे अंथरूण दुसरीकडे.