मेंदूंतील हद्दींची मोजणी



पारनेर तालुक्यांत निघोजजवळ कुकडीच्या पात्रांतील रांजणखळगे आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. खळग्याचा मध्य कोठें आहे हें लहान मूलही बोटानें दाखवील. परंतु कातळ कोठें संपला व खळगा कोठें सुरू झाला, ती कड खडूनें आंखावयास सांगितली, तर दोन जाणत्यांच्या दोन निराळ्या रेघा होतील. मेंदूंतील गांठीचें चित्र पाहणाऱ्या डॉक्टरांपुढें हाच पेंच असतो. तो सोडविण्यास यंत्राला कसें शिकवितात, तें आज सांगावयाचें आहे.

एम. आर. आय. यंत्र मेंदूचे थरांमागून थर टिपतें. दिसावयास तें काळेंपांढरें चित्र. वस्तुतः ती आंकड्यांची रास असते. 'ब्रॅट्स' नांवाची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१२ सालीं सुरू झाली. तींत अशा गांठींचीं चित्रें संशोधकांना अभ्यासासाठीं देतात. तेथील एकेक चित्र २४० कण रुंद, २४० कण उंच व १५५ थरांचें असतें; गुणाकार केल्यास सुमारें ८९ लाख कण भरतात, आणि एकेका रोग्याचीं अशीं चार तऱ्हेचीं चित्रें! कोणता कण निरोगी, कोणता सुजेचा, कोणता गांठीच्या गाभ्याचा, हें ठरविणें म्हणजे विभागणी. हातानें ती करूं गेल्यास तज्ज्ञाचे तासन् तास जातात. आणि गांठ वाढली कीं घटली, किरणांचा मारा कोठवर द्यावयाचा, हें तर तिच्यावरच अवलंबून.

'डीप लर्निंग' ह्या पद्धतींत यंत्राला नियम सांगत नाहींत. तज्ज्ञांनीं हद्दी आंखलेलीं चित्रें त्याच्यापुढें ठेवावयाचीं, त्यानें आपली हद्द आंखावयाची, व दोहोंत जेवढें अंतर पडेल त्या मानानें त्याचीं आंतील मापें किंचित् बदलावयाचीं. असें हजारों वेळां. २०१५ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथील रोनेबर्गर, फिशर व ब्रॉक्स यांनीं 'यू-नेट' ही रचना प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या अर्धांत चित्र लहान लहान होत जातें. तेव्हां एकंदर आकृति उमगते, पण जागा हरवते. दुसऱ्या अर्धांत तें पुनः मोठें होतें, व वाटेंत जपून ठेवलेला बारकावा आणून जोडला जातो, म्हणून जागा परत सांपडते.

आपल्या नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेंतील उज्ज्वल बैद व त्यांचे सहकारी यांनीं, मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांसह, ह्याच रचनेवर काम करून २०२० सालीं तें प्रसिद्ध केलें. अडचण अशी कीं, मेंदूंत निरोगी भाग फार व गांठ थोडी. सरसकट तुकडे दाखविले, तर यंत्र 'सारें निरोगी' म्हणावयास शिकतें, आणि बहुतेक कणांपुरतें तें खरेंही ठरतें! म्हणून त्यांनीं गांठीच्या कडेचे तुकडे अधिक प्रमाणांत निवडले. चांगला पंतोजी मुलगा जेथें अडखळतो तोच पाढा पुनः पुनः म्हणवून घेतो. मला तरी ह्या युक्तींत तीच जुनी अक्कल दिसते.

यंत्रास गुण देण्याचें माप १९४५ सालीं ली डाइस या अमेरिकन शास्त्रज्ञानें दिलें, तेंही जीवजातींच्या अभ्यासासाठीं. दोन आंखण्यांत जो भाग सामाईक असेल त्याची दुप्पट करावी व दोहोंच्या बेरजेनें भागावें; तंतोतंत जुळल्यास उत्तर एक. परंतु मोठ्या गांठीची कड चुकली, तरी मधला गर हा गुण सांभाळून नेतो. आणि शस्त्रवैद्याचा तर कडेशींच संबंध!

दुसरें असें कीं, यंत्र तज्ज्ञाची रेघ शिकतें, तेव्हां त्याच्या चुकाही शिकतें. निराळ्या बनावटीच्या यंत्रावर, जाड थरांनीं किंवा रोगी हलला असतां घेतलेलें चित्र त्याला ठकवितें. म्हणून त्याची आंखणी डॉक्टरांनीं तपासल्यावांचून वापरूं नये.

पारनेरहून कोणी तपासणीस नगरास किंवा पुण्यास गेलें, तर नुसत्या फिल्मवर समाधान मानूं नये. तींत निवडक थर छापलेले असतात. सारे आंकडे असलेली तबकडी मागून घ्यावी व जपावी. सहा महिन्यांनीं गांठ वाढली कीं काय हें पाहावयाचें झालें, तर डॉक्टर काय किंवा यंत्र काय, दोघेही पहिलें चित्र मागतील.